रोपांच्या अदलाबदलीला पहिल्यांदा जाताय? नागपूरच्या उन्हात टिकलेलं रोप मागा

नर्सरीतून आणलेलं रोप आणि नागपूरच्याच एखाद्या गच्चीवर दोन उन्हाळे काढलेलं रोप, यांतला फरक मे महिन्यात कळतो. नर्सऱ्यांमधला बराच माल दूरच्या दमट पट्ट्यातून, आंध्रातल्या कडियमसारख्या ठिकाणाहून, शेडनेटखाली वाढून आलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते आणि गच्चीची फरशी सूर्य मावळल्यावरही चटके देते. ज्या वाणाने हे सोसलंय त्याची फांदी फुकट मिळणं, हा रोपांच्या अदलाबदलीचा, म्हणजे बागप्रेमी जमून आपापली रोपं, फांद्या आणि बिया एकमेकांना देतात त्या कार्यक्रमाचा, खरा फायदा. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने दुर्मीळ काय आहे हे शोधत फिरू नये. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: मे महिन्यात हे कुठे ठेवलं होतं? ‘पूर्वेच्या बाल्कनीत, दोन वेळा पाणी देऊन’ किंवा ‘गच्चीवर उघड्यावर, काही केलं नाही’ असं उत्तर मिळालं, की ते रोप आपल्या घरी जगेल का हे तिथेच कळतं.

यात एक समजून घ्या. आई-रोप कणखर आहे म्हणून त्याची कोवळी फांदी कणखर नसते. वाण टिकाऊ आहे एवढीच खात्री मिळते; नव्या मुळांना उन्हाची सवय पुन्हा लावावीच लागते.

अदलाबदलीला जायचा उत्तम काळ म्हणजे पावसाला सुरुवात झाल्यावर, जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत. हवा दमट असते, ढग असतात, पानांतून पाणी कमी उडतं आणि फांदीला मुळं फुटायला सवड मिळते. दुसरा चांगला काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. तेव्हा झेंडूचं बी, हिवाळी भाज्यांची रोपं मिळतात. मार्चनंतर रोपं घ्यायची नाहीत, बिया घ्यायच्या. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कुणी प्रेमाने दिलेलं रोपही नाकारलेलं बरं, किंवा ‘मृग लागल्यावर घेऊन जातो’ असं सांगून तिथेच ठेवावं.

तयारी पाच-सहा आठवडे आधी लागते. आदल्या दिवशी कापलेली फांदी देता येते, पण मुळं फुटलेल्या रोपाला जो मान असतो तो तिला नसतो. जास्वंदाचंच घ्या. पेन्सिलीएवढ्या जाडीची, पूर्ण कोवळी नाही आणि पूर्ण जून नाही अशी फांदी निवडा. लांबी १५ ते २० सेंटीमीटर, त्यात तीन-चार पेरं, म्हणजे पान फुटतं ते सांधे, यायला हवीत. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप सरळ. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा आणि ठेवलेली पानंही निम्मी कापा, कारण मुळं नसताना मोठं पान फांदीतलं पाणीच उडवतं. रेती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं घेऊन त्यात दोन पेरं गाडा. पहिले तीन आठवडे सावली. फांदी ओढून बघू नका. हळूच हलवल्यावर ती अडल्यासारखी वाटली किंवा पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ दिसलं, की काम झालं. नुसती नवी पानं फुटणं हा भरवशाचा पुरावा नाही. फांदीत साठलेल्या अन्नावरही पानं येतात आणि मग एकाएकी माना टाकतात. बोगनवेलीला याच्या दुप्पट वेळ द्या. मोगरा दाब कलमाने सोपा जातो: खालची फांदी वाकवायची, पेराजवळ साल किंचित खरवडायची, ते पेर शेजारच्या कुंडीत गाडून वर दगड ठेवायचा आणि मुळं धरल्यावर कापून वेगळी करायची.

काही रोपांच्या बाबतीत पद्धत चुकली तर घेणाऱ्याची फसवणूक होते, देणाऱ्याच्या मनात नसली तरी. पिवळ्या कडांचा स्नेक प्लांट पानाच्या तुकड्यापासून केला, तर नवं रोप साधं हिरवं येतं. पिवळी कड टिकवायची तर गड्ड्यापासून फुटवाच वेगळा करावा लागतो. मनीप्लांटचं नुसतं पान पाण्यात मुळं सोडतं, पण पेर नसेल तर त्याला पुढे कोंब येत नाही. वर्षभर तेच एक पान. हृदयाच्या आकाराचं होयाचं पान कुंडीत रोवून विकतात तेही बहुतेकदा असंच. अडेनियम फांदीपासून जगतं, मात्र बियांपासून किंवा कलमी झाडाला येतो तसा फुगीर बुंधा त्याला सहसा धरत नाही. झेडझेडच्या पानाला आधी गाठ आणि मग कोंब यायला कित्येक महिने लागतात, तेव्हा देताना तसं सांगा. कढीपत्ता, म्हणजे आपला गोडनिंब, झाडाजवळ जमिनीतून निघालेल्या फुटव्यापासून करा किंवा ताज्या बियांपासून. काळं पिकलेलं फळ चोळून गर काढायचा आणि त्याच आठवड्यात बी पेरायचं. डबीत भरून वर्षभर ठेवलेलं गोडनिंबाचं बी म्हणजे वाया गेलेलं बी.

माती कशाची घ्याल? शहराखाली काळी माती आहे, तीच आपण सवयीने कुंडीत भरतो, आणि अदलाबदलीतल्या निम्म्या तक्रारी तिथून सुरू होतात. काळी माती ओली असताना फुगते, वाळली की आकसते. कुंडीत ती आकसली की कडेने बोटभर फट पडते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, ताटलीत साचतं, आपल्याला वाटतं रोप भिजलं, आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत. अशी कुंडी घरी आली तर वरून पाणी घालत बसू नका. बादलीत कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी घ्या आणि कुंडी त्यात अर्धा तास ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढून निथळा. द्यायच्या रोपांसाठी एक भाग काळी माती, एक भाग जाडसर रेती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत हे मिश्रण पुरेसं आहे. भंडारा-गोंदियाकडचं धानाचं तूस सहज मिळतं. ते अर्धवट जाळून काळं झालेलं, मूठ-दोन मुठी मिसळलं तर माती घट्ट होत नाही. ताजं शेण मात्र नको. त्याने मुळं जळतात आणि मुळं खाणारी हुमणी अळीही येते. बागेतली माती तशीच उकरून भरली तर तिच्याबरोबर मोथा या चिवट तणाच्या गाठी आणि गाजरगवताचं बी समोरच्याच्या घरी पोचतं, आणि मोथा एकदा कुंडीत शिरला की माती फेकल्याशिवाय जात नाही.

चिठ्ठीवर वेळ घालवा. रोप लहान असतं, सगळी पानं हिरवीच दिसतात, आणि दोन दिवसांनी कुणालाही आठवत नाही की कोणती पिशवी कुणाकडून आली. दह्याच्या डब्याची पट्टी कापून तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेलं नागपूरच्या उन्हातही टिकतं. मार्करची शाई काही महिन्यांत उडते. नाव, फुलाचा रंग, एकेरी की दुहेरी, कलम केल्याची तारीख, ऊन किती लागतं, आणि उन्हाळ्यात तुम्ही त्याला कुठे ठेवलं होतं. शेवटची ओळ सगळ्यांत मोलाची. रोप विषारी असेल तर तेही लिहा. कण्हेर, अडेनियम, डिफेनबाखिया, चिकाची युफोर्बिया ही घरात लहान मूल किंवा मांजर असलेल्याने नकळत नेऊ नयेत.

पहिल्या वेळी पाच-सहा रोपं आणि बियांच्या चार-पाच पुड्या नेल्या तरी पुष्कळ झालं. सामान्य रोपं न्यायला लाजू नका. गवती चहा, पानओवा, पुदिना, कोरफडीची पिल्लं, गोकर्ण, सदाफुली यांना कायम मागणी असते, कारण पहिल्यांदा बाग करणाऱ्याला हीच हवी असतात. जून-जुलैत वायगाव हळदीचे कोंब आलेले गड्डे नेले तर ते पहिल्या दहा मिनिटांत संपतात. भिवापुरी मिरचीचं घरचं बी असेल तर तेही न्या. बियांच्या बाबतीत एक पथ्य: पाकिटातल्या संकरित वाणाच्या फळातलं बी देऊ नका, त्याची पुढची पिढी सारखी येत नाही. देशी वांगं, चवळी, वाल, अंबाडी, भेंडी यांचं बी झाडावरच पूर्ण वाळलेल्या फळा-शेंगांतून काढा, सावलीत आणखी आठवडाभर वाळवा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत जरा ओल राहिली तरी पावसाळ्यात बुरशी धरते.

नेताना स्कूटरच्या डिकीत रोप ठेवू नका. पावसाळ्यातही ऊन पडलं की डिकी तापते आणि पानं अर्ध्या तासात वाफवल्यासारखी होतात. पायाजवळ खोक्यात उभी ठेवा, मधल्या जागेत वर्तमानपत्र कोंबा. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, निघताना देऊ नका. ओली माती जड होते आणि धक्क्याने मुळांभोवतीचा गोळा फुटतो. मुळं नसलेल्या फांद्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून जेवणाच्या डब्यात न्याव्यात.

ठिकाण म्हणजे बहुधा सोसायटीचं पार्किंग, बागेचा कोपरा नाहीतर कुणाची गच्ची, वेळ सकाळची. वेळेवर पोचा, कारण चांगलं ते पहिल्या अर्ध्या तासात जातं. पद्धत आधी विचारून घ्या. काही ठिकाणी आणलेल्या रोपांइतकी कूपनं मिळतात, काही ठिकाणी समोरासमोर सौदा. सौद्यात साधा अंदाज असा: मुळं धरलेलं रोप मुळं धरलेल्या रोपाला, दोन-तीन नुसत्या फांद्या एका रोपाला, बियांची पुडी पुडीला. कलमी किंवा दोन वर्षं वाढवलेलं रोप मागायचं तर दोन-तीन द्यायची तयारी ठेवा. कुणाच्या मांडलेल्या रोपाची फांदी न विचारता तोडायची नाही, एकच पेर असलं तरी. आणि आपली उरलेली रोपं तिथे सोडून यायची नाहीत. ती परत न्यायची.

आता घेण्याआधीची तपासणी. सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून घाई करू नका. रोप हातात घ्या आणि आधी पानाची खालची बाजू बघा. देठ आणि खोड जिथे मिळतात त्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. खोडावर तपकिरी टिकल्या असतील तर नखाने खरवडा. सहज निघाली आणि खाली ओलसर डाग राहिला तर ती खवले कीड. पानं फिकट, बारीक ठिपक्यांची आणि मागे जाळं असेल तर लाल कोळी. मुंग्या वर-खाली करत असतील तर रोपावर कुठेतरी मावा, पिठ्या किंवा खवले आहेच. मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी येतात. मग कुंडी उचलून खालचं भोक बघा. तिथे पांढरी पूड चिकटलेली दिसली तर मुळांवरचा पिठ्या, आणि तो वरून कधीच दिसत नाही. मातीचा वास घ्या. सडका, आंबूस वास आला तर मुळं गेलेली.

तुळस, वांगं, टोमॅटो, मिरची, भेंडी यांची रोपं घेताना शक्य असेल तर मुळं बघाच. मुळावर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी. गोकर्ण, वाल, चवळीच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या चांगल्या, नत्र बांधणाऱ्या. ओळखायची रीत सोपी आहे. चांगली गाठ मुळाच्या कडेला बसलेली असते, अंगठ्याने घासली की सुटते, आणि फोडली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं. ती सुटत नाही, मूळ तुटतं. असं रोप परत द्या, माती कुठेही टाकू नका. त्या मातीत पुढे लावलेली वांगी-टोमॅटो खुरटतात आणि भर पाण्यातही दुपारी मलूल होतात.

संत्र्या-लिंबाचं वेगळं सांगायला हवं, कारण हे नागपूर आहे. संत्रा, मोसंबी, लिंबाचं रोप अदलाबदलीत घेऊ नये, देऊ नये. आपल्याकडचं संत्र्याचं कलम म्हणजे जंबेरी किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या दुसऱ्या रोपावर, भरलेला संत्र्याचा डोळा. डोळा रोगट झाडावरून आला असेल तर पानं पिवळी पाडून झाड खंगवणारा ग्रीनिंग रोग कलमाबरोबरच येतो, आणि मातीत फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू असेल तर मूळकूज आणि पुढे खोडातून डिंक गळणारा डिंक्या. दोन्ही रोग लहान रोपावर ओळखू येत नाहीत. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमं तयार होतात. थोडे पैसे द्यावेत आणि तशी खात्रीची कलमं घ्यावीत. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ग्रीनिंग पसरवणारी सायला कीड गोडनिंबावर आणि कामिनीवरही राहते. घरी लिंबाचं झाड असेल तर गोडनिंबाचं रोप घेताना कोवळा शेंडा डोळ्याजवळ आणून बघा. पिवळट-नारिंगी चपटी पिल्लं, त्यांच्याजवळ पांढरे मेणचट धागे, आणि पार्श्वभाग वर उचलून तिरका बसलेला बारीकसा तपकिरी किडा दिसला, तर ते रोप तिथेच सोडा.

जलपर्णी कुणीही कितीही सुंदर निळी फुलं दाखवून दिली तरी घेऊ नका. ती अंबाझरी तलावात काय करते ते नागपूरकरांनी पाहिलेलं आहे. घाणेरी आणि वेडेलियाही नको. गोरेवाडा, सेमिनरी हिल्सच्या रानातून उपटून आणलेलं काहीही देवाणघेवाणीत आणू नये; वनक्षेत्रातून रोप उपटणं बेकायदा आहे आणि बहुधा ते कुंडीत मरतंच.

घरी आल्यावर रोप लगेच इतर कुंड्यांत मिसळू नका. दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, निदान सात-आठ फूट लांब, सावलीत पण उजेडात. त्याला पाणी द्यायचं भांडं आणि कापायची कात्री वेगळी, नाहीतर प्रत्येक वापरानंतर स्पिरिटने पुसलेली. पहिल्या दिवशी पानं दोन्ही बाजूंनी धुवा. पिठ्या सापडला तर कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टिपा, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा, कारण अंडी पहिल्या वेळी वाचतात. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, त्यात २ मिली पातळ साबण, आणि फवारणी सूर्यास्तानंतरच. भर दुपारी फवारलं तर पानं भाजतात. आधी एका पानावर लावून दुसऱ्या दिवशी बघा. या काळात खत अजिबात नको. दुखावलेल्या मुळांना खतातले क्षार सोसत नाहीत.

कूलरच्या टाकीतलं पाणी नव्या रोपाला घालू नका. दिवसभर पाणी उडून क्षार मागे राहतात, आणि आपलं बोअरचं पाणी आधीच जड. त्यात काळी माती मुळातच विम्ल (आम्लाच्या उलट, अल्कली), म्हणून नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं रूप जास्वंद, मोगरा, गुलाबावर हमखास दिसतं. ती लोहाची कमतरता आहे, पाण्याची नाही. पाणी वाढवलं तर ती वाढते. फेरस सल्फेट लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा, मातीला द्या. मात्र विलगीकरण संपल्यावर.

फांद्या बाटलीत पाण्यात ठेवल्या असतील तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी बदला आणि बाटली आतून घासा. पावसाळ्यात डेंग्यूच्या डासाला एवढं पाणी पुरतं, आणि त्याची अंडी काचेला चिकटून राहतात. पाण्यात मुळं दोन-तीन सेंटीमीटर झाली की मातीत लावा. फार लांब होऊ दिली तर ती पाण्याचीच मुळं राहतात आणि मातीत गेल्यावर रोप कोमेजतं.

तीन आठवडे नीट गेले की एक माप मोठी कुंडी, त्याहून मोठी नको. लहान मुळांभोवती जास्त ओली माती राहिली की मुळं कुजतात. ऊन मोजून द्या: पहिले चार दिवस सकाळचं तासभर, मग दोन तास, अशा टप्प्यांनी. ढग जाऊन एकदम कडक ऊन पडतं तो सप्टेंबर-ऑक्टोबर नव्या रोपांना जड जातो, तेव्हा त्या दिवसांत सावलीकडे परत सरकवा. थंडीत रोपाला मुळं पसरायला वेळ मिळतो, म्हणून फेब्रुवारीत कुंडी बदलू नका, ती नोव्हेंबरातच बदलून घ्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पन्नास टक्क्यांची हिरवी नेट बांधा, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, आणि कडेच्या सिमेंटच्या कुंड्यांना पोतं गुंडाळा, कारण उन्हाकडची मुळं आधी कुंडीच्या तापलेल्या भिंतीनेच मरतात.